मेणबत्त्या मोजणाऱ्या मुलीबद्दल, परकार

शुक्रवार, १५ मार्च २००२. रक्कम पंच्याऐंशी दिरहम, म्हणजे आजच्या भावानं अकराशेवीस रुपयांच्या आसपास. हजर: मी, सुनीता आणि मुक्ता. तू नव्हतास. तुला जाऊन दहा दिवस झाले होते.

बिस्किटांचा निळा डबा जेवणाच्या टेबलावर उघडला. आत सगळ्या पाचाच्या नोटा, एकूण सतरा. झाकणाच्या आतून मुक्तानं चिकटवलेला कागद होता: पपा चौदा, परकार अंकल तीन. मी दोनदा मोजलं. हिशेब बरोबर आला, आणि बरोबर आला म्हणून मला जास्त त्रास झाला. चुकला असता तर निदान काही शोधत बसता आलं असतं.

हा दंडाचा डबा. ज्यांना माहीत नाही ते म्हणतील पत्त्यांचा असेल. आपण दोघे पत्ते खेळलो नाही. आपण नऊ वर्षं दर शुक्रवारी माझ्या घरी मासे-भात खाऊन एकाच गोष्टीवर भांडलो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांमधले अमेरिकन लोक खरे सभ्य, की युरोपातले? मीना बाजारातला कटिंग मास्टर तू आणि बांधकाम कंपनीतला एस्टिमेटर मी, यांना ह्या प्रश्नाशी काय देणंघेणं, असं सुनीता विचारायची. तू म्हणायचास, "वहिनी, दुसऱ्यांच्या घरातलं भांडण फुकट बघायला मिळतंय, बघू द्या."

सुरुवात झग्यापासून झाली. एका युरोपियन बाईला क्लबातल्या पार्टीसाठी जुन्या काळचा झगा हवा होता. तिनं नमुना म्हणून एक जुनी कादंबरी आणली आणि आतलं चित्र दाखवलं. अकरा मीटर कापड लागलं, हे तू मला किमान वीस वेळा सांगितलं असशील. झगा झाला, बाई खूश झाली, पुस्तक परत मागायला लागली. तू म्हणालास, "मॅडम, झगा दिला. पण ह्या मुलीचं पुढं काय झालं?" ती हसत सुटली आणि पुस्तक तुझ्याकडेच ठेवून गेली. दोन वर्षांनी देश सोडताना तिनं एक अख्खं खोकं दिलं. तेवीस पुस्तकं. रत्नागिरीत दहावीपर्यंत शिकलेला माणूस तू, मुक्ताच्या शाळेची डिक्शनरी घेऊन बसायचास, आणि शब्द अडला की मला फोन. अर्थ सांगता सांगता मीही वाचायला लागलो.

त्या पुस्तकांत बहुतेक वेळा एकच गोष्ट घडायची. अमेरिकेतून कोणीतरी जहाजानं युरोपात येतं. वडिलांचा कारखाना असतो, पैसा असतो, आणि जे मनात तेच तोंडावर. हात पुढे करून ओळख करून घेतात, किंमत विचारतात, आपलीही सांगतात. युरोपातली माणसं आधी नावाचं कार्ड पाठवतात, पंधरा मिनिटं बसतात, हवेविषयी बोलतात आणि उठतात. अमेरिकन माणूस चुकला तर त्याला कोणी चूक सांगत नाही. नुसतं बोलवायचं बंद करतात. मला ह्याचा संताप यायचा. अरे, नियम आहे तर लिहून लावा ना भिंतीवर!

तू चित्रांतले कपडे बघून बोलायचास. "युरोपातल्या बाईनं आईचाच झगा उसवून, आत घेऊन घातलाय बघ. अमेरिकन पोरीचा नवा कोरा. आता सांग, कुणाला शिवणकाम कळतं?" आणि मग तुझं ठरलेलं वाक्य: "शिवण आतून असते पेडणेकर. बाहेरून दिसली तर शिंपी कच्चा."

"आणि आतून उसवली तर कळणार कसं?" मी विचारायचो.

"घालणाऱ्याला कळतं की."

"बाकीच्यांना?"

"बाकीच्यांनी जेवावं. मुक्ताबाई, तुझ्या पपांना अजून एक तुकडी वाढ. तोंड भरलेलं असलं की हा युरोपियन होतो."

सगळ्यात जास्त भांडलो ते तपकिरी पुठ्ठ्याच्या पुस्तकावरून. त्यातली अमेरिकन मुलगी फ्रान्समधल्या एका जुन्या घराण्याकडे पाहुणी म्हणून जाते. रोज रात्रीच्या जेवणाला ती टेबलावरच्या मेणबत्त्या मोजते. पहिल्या रात्री चोवीस. मग वीस. मग चौदा. आठ झाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हाताऱ्या यजमानांना विचारते, तुम्ही अडचणीत आहात का, माझे वडील मदत करतील. म्हातारा सूप संपवतो, रुमाल घडी करून ठेवतो आणि उठतो. दुसऱ्या दिवसापासून त्या गावातलं एकही दार तिला उघडत नाही. महिन्याभरात घर विकलं जातं.

तुझं म्हणणं, पोरीनं म्हाताऱ्याला भरसभेत उघडं केलं. माझं म्हणणं, टेबलावर म्हाताऱ्याखेरीज बारा माणसं होती आणि मेणबत्त्या एकटीनं मोजल्या.

"मोजल्या सगळ्यांनी," तू म्हणालास. "बोलली ती एकटीच."

"मग बाकीचे अकरा जास्त वाईट!"

"अकरा जणांनी त्याला सूप पिऊ दिलं रे."

माझा राग पुस्तकापुरता नव्हता, हे तुला माहीत होतं. आधीच्या कंपनीत माझ्या युरोपियन साहेबानं मला आणि सुनीताला घरी जेवायला बोलावलं. मुक्ताच्या शाळेची चौकशी केली, सुनीताच्या साडीचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी व्हिसा रद्द झाल्याचा कागद हातात आला. जेवताना तो कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये होता. तीन महिने मी घरी बसलो. पुढच्या कंपनीत अमेरिकन मॅनेजर मिळाला. तो पहिल्याच दिवशी खांद्यावर हात टाकून म्हणाला, मला नावानं हाक मार. आणि मंदी आली तेव्हा सगळ्यांना उभं करून स्वतः यादी वाचली. चाळीस माणसं गेली. पण तोंडावर सांगून गेली. मला तो आवडला.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "त्या पहिल्या साहेबानं तुला पोटभर जेवू तरी दिलं. आधी सांगितलं असतं तर जेवला असतास?"

मी तुला दोन आठवडे फोन केला नाही. तिसऱ्या शुक्रवारी तू सुरमई घेऊन दारात उभा. माफी नाही, विषयही नाही. "वहिनी, ताजी आहे." ही तुझी पद्धत. मला ती कळायला फार वेळ लागला. आणि जेव्हा कळली, तेव्हा तीच मी चुकीच्या वेळी वापरली. आता ते लिहितो.

४ जानेवारीच्या शुक्रवारी मुक्ता वैतागून म्हणाली, "यू बोथ शुड स्वॅप. पपा, यू बी युरोपियन. अंकल, यू बी अमेरिकन." चौदा वर्षांची पोरगी, तिला आपलं भांडण पाठ झालेलं. आपण दोघांनी पैज घेतली. ईदपर्यंत मी एकही सरळ प्रश्न विचारायचा नाही. किंमत नाही, पगार नाही, कुठं गेला होतास नाही, कसा आहेस नाही. तू मात्र अमेरिकन. कोणीही काहीही विचारलं तरी खरं आणि लगेच उत्तर. चुकेल त्याला पाच दिरहम दंड. डबा तुझ्या दुकानातला, बिस्किटांचा, बटणं ठेवायचा. पंच मुक्ता. दंडाच्या पैशांतून ईदनंतर तिघांना पार्टी.

पहिल्या दिवशी मी सहा वेळा हरलो. "सुरमई कितीला?" पाच. "बस मिळाली का?" पाच. तू टाळ्या वाजवत होतास. मुक्ता ओरडत होती, "खलास पपा, यू आर बँकरप्ट!" पण मी हट्टी माणूस. तिसऱ्या आठवड्यापासून माझा दंड बंद झाला. मी हवेविषयी बोलायला लागलो. मला अभिमान वाटायला लागला, परकार. लग्नापासून ज्याला बायको म्हणत आली की तुमच्या जिभेला हाड नाही, तो मी, न विचारता बसू शकतो.

१ फेब्रुवारीला मी तुझ्या दुकानात आलो. शुक्रवार, दुकानाचं शटर अर्धं खाली. तू टेप माझ्या हातात दिलीस. "जरा माप घे. पँट आत घ्यायचीय. स्वतःचं माप स्वतः नीट येत नाही." मी तुझ्या कमरेभोवती टेप फिरवली. आत बोट घातलं, तू शिकवलं होतंस तसं. तेहतीस. तू मापाची वही पुढे केलीस. "लिही." पानावर वर तुझंच नाव होतं. खाली तुझ्या अक्षरात: ऑगस्ट, छत्तीस. नोव्हेंबर, साडेचौतीस. मी त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं: फेब्रुवारी, तेहतीस.

मी आयुष्यभर आकडे वाचले आहेत. भिंतीचं क्षेत्रफळ बघून विटा किती लागतील ते मी चालता चालता सांगतो. सहा महिन्यांत तीन इंच. ना व्यायाम वाढवलेला, ना भात सोडलेला. मला ते दिसलं. उत्तर येत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडात प्रश्न आला होता, मराठीत, दोन शब्दांचा: काय होतंय?

तू टेप गुंडाळत उभा होतास. गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावलास. आता मला वाटतं, तू थांबला होतास. पैजेप्रमाणे मी विचारलं असतं तर तुला खरं सांगावंच लागलं असतं. तुझ्यासारख्या माणसाला सांगायची तेवढीच एक वाट उरली होती, आणि ती तूच टेप देऊन उघडली होतीस. मी म्हणालो, "यंदा थंडी बरीच लांबली." तू हसलास. "वा, पक्का युरोपियन झालास!" पाच दिरहम वाचले.

पुढच्या शुक्रवारी, ८ तारखेला, तू आमच्याकडे अर्धी तुकडी खाऊन ताट सरकवलंस. मुक्तानं विचारलं, "अंकल, व्हाय आर यू सो थिन? आर यू सिक?"

तिला कोणताही नियम लागू नव्हता. तुला होता. तू पाण्याचा पेला खाली ठेवलास. तोंड उघडलंस. तुझा पहिला शब्द "हं" होता, मला आठवतं. आणि मी मध्ये पडलो. "मुक्ता! असं विचारतात का मोठ्या माणसांना? मॅनर्स आहेत की नाही?"

तू तोंड मिटलंस. मग म्हणालास, "वहिनी, कालवण फर्स्ट क्लास झालंय." रुमालानं हात पुसलेस, रुमालाची घडी केलीस. मुक्तानं कागदावर काहीच लिहिलं नाही, कारण दुसऱ्याचा प्रश्न अडवला तर दंड किती, हे आपण ठरवलंच नव्हतं.

परकार, बारा माणसांच्या त्या टेबलावर मी अकरांतला एक झालो. छे, अकरांतलाही नाही. त्यांनी निदान मुलीला बोलू दिलं होतं.

ईदच्या गर्दीत, २० फेब्रुवारीला, तू कटिंगच्या टेबलावरच कोसळलास. तेरा दिवस हॉस्पिटलमध्ये. पोटातली गाठ, पसरलेली. मी डॉक्टरना विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आधी आलेलं नेहमीच बरं. मी विचारलं, किती आधी? किती आठवडे? ऑगस्टमध्ये? नोव्हेंबरमध्ये? १ फेब्रुवारीला? ते म्हणाले, असं आकड्यात सांगता येत नाही. सगळ्या जगात मला एकच आकडा हवा होता आणि तोच कोणाकडे नव्हता. तो आकडा मिळेपर्यंत मी काय करू? दाढी करताना, साइटवर, जेवताना मी तोच मांडतो. १ फेब्रुवारी ते २० फेब्रुवारी, एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांत काय झालं असतं? काहीच नाही, असं सुनीता म्हणते. तिला कसं माहीत?

तुझ्या उशाशी बसलो तेव्हाही मी विचारलं नाही. तू म्हणालास, "पैज ईदला संपली ना?" मी म्हणालो, "संपली." तू म्हणालास, "मग बोल की काहीतरी." आणि मी, ज्याला आता विचारायला पूर्ण मोकळीक होती, तुला क्रिकेटचा स्कोअर सांगितला.

५ मार्चला तू गेलास. दफनाला मी आलो. तुझ्या दुकानमालकानं खूण केली तशी तीन मुठी माती टाकली. मोजल्या.

त्याच दिवशी मी रत्नागिरीला तुझ्या घरी, भाभींना फोन केला होता. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला आधी काही कळलं होतं का?" मी म्हणालो, "नाही भाभी. एकदम झालं सगळं." किती सभ्य वाक्य! कुठंही शिवण दिसली नाही.

तुझं सामान घ्यायला गेलो तेव्हा मालकानं मापाची वही दाखवली. माझ्या तेहतीसच्या खाली तू आणखी एक ओळ लिहिली होतीस. एकतीस. त्या वेळी टेप कुणी धरली होती?

आता विचारतो. सगळे एकदम विचारतो, लाव दंड. कधीपासून दुखत होतं? कुणाला सांगितलं होतंस? भीती वाटत होती का? पैशांमुळे डॉक्टरकडे गेला नाहीस, की नोकरी जाईल म्हणून? मुक्तानं विचारलं तेव्हा "हं"च्या पुढे काय होतं? माझा राग आला होता का? त्या पोरीनं म्हाताऱ्याला उघडं केलं, असं तू शेवटपर्यंत मानत होतास, की कधीतरी तुलाही वाटलं की कोणीतरी मेणबत्त्या मोजाव्यात?

तर, १५ मार्च. डबा उघडला, पैसे मोजले. पार्टीचा प्रश्नच नव्हता. मुक्ता म्हणाली, "पपा, कॉल आंटी. टेल हर." तिनं फोनवरचं माझं "नाही भाभी" ऐकलं होतं. दहा दिवस ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती. घरात फोन होता, पण ती म्हणाली, ह्याच पैशांनी. डबा घेऊन आम्ही दोघं खाली बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात गेलो, तीस तीस दिरहमची फोनची दोन कार्डं घेतली आणि कोपऱ्यावरच्या बूथमध्ये शिरलो. संध्याकाळचे पाच वाजले होते.

पहिलं कार्ड मी वाया घालवलं. तब्येत, मुलांच्या परीक्षा, कंपनीकडून यायचे कागद, तिकडचा उन्हाळा. बारा मिनिटं. भाभी नीट उत्तरं देत होत्या. लाइन तुटली. मुक्ता बूथच्या काचेला टेकून उभी होती. ती म्हणाली, "जस्ट से इट, पपा."

दुसरं कार्ड. मी म्हणालो, "भाभी, मी खोटं बोललो. मला कळलं होतं. मीच त्याचं माप घेतलं होतं. तीन इंच कमी झालं होतं. मी विचारलं नाही. मुक्तानं विचारलं तर तिलाही गप्प केलं."

मग मी सगळं सांगितलं, पैज, टेप, ताट, रुमाल. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊजी."

"काय माहीत होतं?"

"त्यांनी फोनवर सांगितलं होतं. पेडणेकरनं आज माझं माप घेतलं, म्हणाले. त्याला कळलं असेल. मी विचारलं, काय कळलं असेल? तर म्हणाले, कपडे सैल झालेत. मला वाटलं, खाणावळीचं जेवण." मग म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मग 'नाही' असं का म्हणालात?"

तिथं लाइन तुटली.

डब्यात पंचवीस दिरहम उरले होते. कार्ड तीसचं. मी खिसा चाचपला, तर पाकीट वर घरी. सुट्टे पाच दिरहम शर्टाच्या खिशात सापडले. मुक्ता म्हणाली, "दॅट्स युवर फाइन. फॉर दॅट डे." मी धावत बकाल्यात गेलो. तो मलबारी दुकानदार मला रोज बघतो. त्यानं कार्ड देता देता सवयीनं विचारलं, "घर में सब ठीक, भाईसाब?"

"नहीं," मी म्हणालो.

मी कार्ड खरवडत बाहेर पडलो.

भाभींनी पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, "'नाही' म्हणालो ते स्वतःला वाचवायला." ह्या वेळी मी पुढं हवेविषयी बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "शेवटी किती होती? कंबर."

"एकतीस."

"लग्नात अठ्ठावीस होती," त्या म्हणाल्या. "शेरवानी मामूंची होती, दोन्हीकडून आत घेतलेली. त्यांनी स्वतःच घेतली होती. मला सासरी आल्यावर दाखवली, आतून उलटी करून. म्हणाले, बघ, कुणाला कळलं का?" मग त्या रडायला लागल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा, असं त्यांच्या मुलीनं मागून म्हटलेलं मला ऐकू आलं. मी फोन धरून उभा राहिलो. कार्ड संपेपर्यंत त्या रडल्या आणि मी ऐकलं.

एकूण दिले: नव्वद दिरहम. पंच्याऐंशी डब्यातले, पाच माझे. कोणाला: कोपऱ्यावरच्या बकालावाल्याला. बाकी काही परत आलं नाही.